ताई, खुर्ची तुम्ही घेतली नाहीत

आदरणीय ताईंना सप्रेम नमस्कार,

आज सकाळी साडेसहाला दूध संकलन केंद्रावर किटल्या घेऊन रांग लागली होती, आणि शेवटचा माणूस पावती घेऊन जाईपर्यंत मी लिहिलेल्या दुधाच्या दराच्या प्रोग्रॅमची विंडो एकदाही हँग झाली नाही. मला भरून आलं. फोनवर बोलताना आवाज फुटला नसता, म्हणून लिहितोय.

तुमच्याआधी तिघांच्या विनवण्या केल्या होत्या. ज्या क्लासला फी भरून पायथन ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकलो, तिथे "हे सिलॅबसमध्ये नाही" म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्याने माझा कोड न उघडताच सगळं नव्याने लिहायचा खर्च सांगितला. तिसरा म्हणाला, "सरक जरा." माझ्या खुर्चीत बसून तासभर काहीबाही टाइप करून गेला. दुसऱ्या दिवशी वजनकाटा जोडला आणि पुन्हा तेच, पांढरा पडदा, वर "नॉट रिस्पॉन्डिंग". दर काढायचा माझा हिशोबच चुकत असणार, असं मला वाटायला लागलं होतं.

तुम्ही आलात तेव्हा सवयीने मी उठलो. तुम्ही खांद्याला धरून बसवलंत. "तूच बस. कोड तुझा आहे." दीड तास तुम्ही उभ्या होतात, कीबोर्डला बोटही लावलं नाहीत. आधी विंडो बंद करायला लावलीत आणि टर्मिनलवर, म्हणजे नुसत्या अक्षरांच्या काळ्या पडद्यावर, फक्त दर काढणारा कोडचा तुकडा, म्हणजे दराचं फंक्शन, चालवायला सांगितलंत. म्हशीचं दूध, फॅट ६.०, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) ९.०. एंटर दाबलं, दर आला. भिंतीवरच्या दरपत्रकाशी ताडला, पैशासकट जुळला. "हिशोब बरोबर आहे रे तुझा. तो विंडोत अडकलाय, एवढंच." ताई, या एका वाक्यासाठी मी चार महिने झुरत होतो.

काट्याकडून आकडा येईपर्यंत वाट बघणारी ओळ मी बटणाच्याच फंक्शनमध्ये घातली होती. क्लिक घेणं, पडदा रंगवणं ही कामंही त्याच थ्रेडवर, म्हणजे एकामागून एक कामं उरकणाऱ्या त्याच धाग्यावर, त्यामुळे ती ओळ थांबली की सगळंच थांबायचं. आता काटा वेगळ्या थ्रेडवर वाचला जातो, आकडा आला की विंडोला सिग्नल, म्हणजे निरोप, जातो आणि तो निरोप घेणारं विंडोतलं फंक्शन, म्हणजे स्लॉट, आकडा दाखवतं. दराच्या फाइलमध्ये विंडोचा उल्लेखसुद्धा नको, हे तुम्ही दोनदा बजावलंत. ट्रिग्वे रेन्सकाउग या संगणकतज्ज्ञांनी १९७९ मध्ये मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर, म्हणजे हिशोब आणि पडदा वेगळे ठेवायची रचना, मांडली ती अशाच गुंत्यापायी, असंही बोलता बोलता सांगितलंत. इथे अडखळणारा मी पहिला नाही, हे कळून केवढा धीर आला.

आपल्याला किती येतं हे दाखवणारे पुष्कळ भेटले. मला काय येतं ते आधी मलाच दाखवणारं माणूस पहिल्यांदा भेटलं. असली माणसं आहेत म्हणून माझ्यासारखी पोरं टिकतात.

त्या दिवशी एसटीच्या घाईत तुमचा चहा अर्धाच राहिला, आई अजून हळहळते. आमची म्हैस पुढच्या महिन्यात विणार आहे. खरवसाचा डबा घेऊन मी स्वतः येतो.

तुमचा,
दूध केंद्रावरचा धाकटा भाऊ