अण्णांची गोळी आणि माझे उंदीर

आई,

परवा फोनवर तू विचारलंस "तू तिकडे उंदीर मारतेस का गं?" आणि मी रेंज जातेय म्हणून फोन ठेवला. रेंज चांगली होती. म्हणून आता लिहिते.

हो, मारते. पांढरे मोठे उंदीर असतात, त्यांना आपणहून पार्किन्सन होत नाही, म्हणून भूल देऊन मेंदूच्या एकाच बाजूला एक विष टोचतो, त्या बाजूच्या डोपामिन, म्हणजे हालचालीसाठी लागणारं मेंदूतलं रसायन, बनवणाऱ्या पेशी मरतात. नंतर दुसरं औषध दिलं की तो उंदीर एकाच दिशेने गोल गोल फिरत राहतो, आणि फेऱ्यांवरून कळतं पेशी किती गेल्यात. शेवटी मेंदूचे पातळ काप करून बघावे लागतात, म्हणजे तो उंदीर राहत नाही. पिंजऱ्यात सापडलेला उंदीर ओढ्यापलीकडे सोडून यायचे अण्णा, आठवतंय ना, तू चिडायचीस की परत येईल म्हणून. त्यांच्याच मुलीने हे काम धरलं.

पण अण्णांची ती पार्किन्सनची सकाळची अर्धी गोळी आहे ना, तिची सुरुवात इथेच स्वीडनमध्ये, लुंडला झाली, १९५७ मध्ये. आर्विद कार्लसन नावाच्या माणसाने सशांना रेसरपिन नावाचं औषध दिलं, ते कशातून येतं माहितीये? आपल्या सर्पगंधेतून, तीच जी आजोबांना बीपीसाठी सांगितली होती वैद्यांनी. ससे कान पाडून नुसते बसून राहिले, हलेचनात. मग त्यांना एल-डोपा, ज्याचं मेंदूत डोपामिन बनतं, ते टोचलं आणि थोड्या वेळात कान वर, उड्या चालू. तोपर्यंत डोपामिनला कोणी फारसं विचारतच नव्हतं. पुढे व्हिएन्नात पार्किन्सनने गेलेल्या माणसांच्या मेंदूत डोपामिन कमी सापडलं आणि साठच्या दशकात तेच एल-डोपा पेशंटना द्यायला लागले. कार्लसनना २००० साली नोबेल मिळालं. सशांचा तो कान पाडलेला फोटो बघितला की मला अण्णा खुर्चीत बसतात तेच आठवतं, खरं सांगते.

म्हणून सगळं बरोबर आहे असं मी म्हणत नाहीये. उंदरात मस्त चाललेली कितीतरी औषधं माणसात फेल गेलीत, आजार थांबवणारं औषध आजही नाही, अण्णांची गोळी फक्त हातपाय मोकळे करते तेवढं. इथे प्रयोगाआधी एका कमिटीची परवानगी लागते, तिच्यात साधी माणसंपण असतात, प्राणीमित्र संस्थांचीसुद्धा, आणि कमी उंदरात का भागत नाही ते लिहून द्यावं लागतं. त्या फॉर्मने रात्री झोप लागतेच असं नाही. पहिल्या आठवड्यात तर मी जेवलेच नव्हते नीट, तुला सांगितलं नाही.

काकूंना काय सांगायचं ते तू ठरव. अण्णांना मात्र मीच सांगेन, मी घरी आले की.

आणि महत्त्वाचं, त्या वैद्यांकडून खाजकुहिलीची पावडर आणलीस म्हणालीस ना, ती गोळीबरोबर देऊ नकोस. त्या बियांत तेच एल-डोपा असतं गं, डोस वाढेल आणि उगाच हातपाय वेडेवाकडे हलायला लागतील. न्यूरोवाल्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय डबा उघडूच नको. गोळी जेवणाच्या अर्धा तास आधी, दूध-डाळीबरोबर नाही, प्रोटीन असलं की ती नीट लागत नाही.

तुझी,
मनू