आपला नाका, मार्चनंतर

गिरगाव, मुंबई
रविवार, 9 ऑगस्ट 2020

ती. आई आणि बाबा यांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "आता गिरगावात आपलं राहिलंय कोण? खोली देऊन टाकू, आम्हाला इथेच बरं आहे." पुढचं काही ऐकू यायच्या आत रेंज गेली. वादळानंतर आंजर्ल्याला फोन लागतो तोच मुळी नशिबाने, आणि लागला तरी निम्मं बोलणं 'हॅलो, हॅलो' करण्यात जातं. शिवाय बाबांच्या ह्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्यासारखंही नव्हतं. म्हणून पत्र लिहितेय. नीट चष्मा लावून, सावकाश वाचा.

काल शनिवारी दुपारनंतर मी आणि पिंकी आपल्या नाक्यावर फिरून आलो. निमित्त तुमच्याच पावत्यांचं होतं. शिमग्याला निघताना तुम्ही आठवड्याभरात परत यायच्या बेताने निघाला होतात, त्यामुळे तुमची कामं दुकानांत तशीच राहिली. बाबांचं एचएमटी घड्याळ दुरुस्तीला आणि आईचा अंजिरी ब्लाउज टेलरकडे. दोन्ही पावत्या देवघराच्या खणात, पंचांगाच्या आत सापडल्या.

मधल्या काळात का नाही गेले, असं आई विचारेलच. जूनच्या 5 तारखेपासून दुकानं उघडली खरी, पण एक दिवस ह्या बाजूची, दुसऱ्या दिवशी समोरच्या बाजूची. ऑफिसचं काम घरून, त्यात दुकानाचा वार आणि आपली सवड जुळायची नाही. जुलैत आपली चाळ सील झाली ते तुम्हाला माहीतच आहे. आता ह्या 5 ऑगस्टपासून दोन्ही बाजू एकदम उघडायला परवानगी मिळाली, सकाळी नऊ ते संध्याकाळी सात. आणि नेमका त्याच दिवशी पाऊस! कुलाब्याला चोवीस तासांत 331 मिलिमीटर झाला. असा वारा मी गिरगावात कधी अनुभवला नव्हता, कौलं उडतील की काय असं वाटत होतं. कित्येक महिन्यांनी दोन्ही बाजूंची शटरं वर जायची, त्या दिवशी माणसं बादल्यांनी पाणी उपसत होती. काल गेलो तेव्हा ठाकुरद्वारच्या अलीकडच्या त्या कापडवाल्याने आतून बाहेरपर्यंत दोऱ्या बांधून ठाण वाळत घातले होते. पिंकी लगेच त्याच्या मदतीला धावली, तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. सुती ठाण ओला झाला की दोघांनी धरल्याशिवाय उचलत नाही, हे मला काल कळलं.

घड्याळवाले काका पासष्टीच्या पुढचे, त्यामुळे घरच्यांनी त्यांना इतके महिने बाहेरच सोडलं नव्हतं. जिन्याखालची त्यांची ती जेमतेम दोन फुटांची जागा तशीच आहे. डोळ्याला भिंग आणि तोंडाला मास्क, म्हणजे श्वास वर येऊन भिंगावर वाफ धरते. त्यांनी मास्कची वरची कड नाकाच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टीने बंद केली आहे, तेव्हा कुठे दिसतं. पावती न बघताच त्यांनी घड्याळ काढलं. म्हणाले, "साहेबांचं. मार्चमध्येच तयार होतं, पण बंद पडून राहिलं की आतलं तेल घट्ट होतं, त्यात ही पावसाळी हवा. म्हणून परवा परत खोललं." आम्ही समोर उभ्या असताना त्यांनी मागचं झाकण उघडून दाखवलं. ते एवढंसं चक्र एकदा इकडे, एकदा तिकडे झुलत होतं आणि त्यामागची केसासारखी स्प्रिंग आत-बाहेर श्वास घेतल्यासारखी हलत होती. बाबा, एवढी वर्षं ते तुमच्या मनगटावर होतं, पण मी आतून पहिल्यांदाच पाहिलं. दुसऱ्यांदा उघडल्याचे पैसे त्यांनी घेतले नाहीत. मी आग्रह केला तर हात जोडले.

टेलर मास्टरांकडे लग्नसराईचं काम पूर्ण बुडालं. लग्नाला पन्नासच माणसं, तर कोण कशाला नवीन शिवणार? एप्रिलपासून ते घरी बसून मास्क शिवत होते आणि त्यावरच त्यांनी भाडं भरलं. आईचा ब्लाउज हँगरला लावून, वर्तमानपत्र गुंडाळून ठेवला होता. उरलेल्या कापडाचा त्यांनी त्याच रंगाचा मास्क शिवलाय, आत मऊ सुती अस्तर लावून. "वहिनींना सांगा, मोदकाचं सारण हलवताना घालू नका, देवळात जाताना घाला." हे त्यांचंच वाक्य, जसंच्या तसं.

वह्या-पुस्तकांच्या दुकानात मात्र मन लागलं नाही. जून हा त्यांचा वर्षाचा हंगाम. यंदा शाळाच उघडल्या नाहीत, त्यामुळे तपकिरी कागदाचे रोल आणि वह्यांचे गठ्ठे छतापर्यंत तसेच आहेत. पिंकीने तिच्या मुलासाठी चार वह्या घेतल्या. तो मोबाइलवरच शिकतो, पण तिने घेतल्या. लग्नपत्रिका छापणारे 'मास्कशिवाय प्रवेश नाही'च्या पाट्या छापतात. गिरणी चालू आहे. कामाची मुलं मे महिन्यात श्रमिक गाड्यांनी गावी गेली ती अजून आलेली नाहीत, त्यामुळे मालक स्वतः उभा राहून दळतो आणि त्याच्या भुवया सुद्धा पांढऱ्या झालेल्या असतात. कोपऱ्यावरची खाणावळ कायमची बंद झाली. मेट्रोचे पत्रे अजून तसेच, त्यामुळे चालायची वाट आधीच अरुंद, त्यात प्रत्येक दुकानापुढे रांगेसाठी आखलेले पांढरे गोल.

आता एक गोष्ट, जी मला फोनवर सांगायची नव्हती. आई, तू बाबांच्या जवळ बसून वाच.

आपले वाणीकाका मे महिन्यात गेले. कोरोनानेच. हॉस्पिटलमध्ये नेलं ते नेलंच, घरच्यांना सुद्धा शेवटचं नीट बघता आलं नाही. तेव्हा तुमच्याकडे वादळाची धास्ती, मग ते वादळ, पोफळी आडव्या, कितीतरी दिवस वीज नाही. त्या सगळ्यात हे तुम्हाला सांगावंसं वाटलं नाही. बाबा, तुमची रोजची सकाळ त्यांच्या फळीवर पेपर वाचण्यात जायची, हे मला माहीत आहे.

दुकान आता त्यांचा मुलगा बघतो. तो शिकलेला, नोकरीला होता, ती सोडून गल्ल्यावर बसला. चाळ सील होती तेव्हा खालच्या चौकात येऊन हाका मारायचा. आम्ही गॅलरीतून दोरीने पिशवी सोडायचो, आत यादी आणि पैसे. वरच्या आजींना पिठापासून रक्तदाबाच्या गोळ्यांपर्यंत सगळं त्यानेच आणून दिलं, स्वतःचे वडील नुकतेच गेलेले असताना. मोबाइलवरून मागवायची सवय मलाही होती, पण त्या पंधरवड्यात ती मोठी मोठी ॲप आमचा पत्ता घ्यायलाच तयार नव्हती. तेव्हापासून मी मिठाची पिशवी सुद्धा त्याच्याकडूनच आणते आणि पुढेही आणणार आहे.

काल त्याने काकांची ती लाल कापडी वही काढली. बाबांच्या नावाचं पान उघडलं. मार्चचे तीनशे चाळीस रुपये लिहिलेले होते, काकांच्या अक्षरात. मी पाकीट काढलं तर म्हणाला, "ताई, हे राहू दे. हे साहेबांनी येऊन द्यायचे." मी पुष्कळ समजावलं. त्याने ऐकलं नाही, वही मिटून गादीखाली ठेवली. बाहेर पडल्यावर पिंकी आणि मी बराच वेळ काही बोललो नाही, फडकेवाडीच्या गणपतीचं बंद दार येईपर्यंत.

तर बाबा, आपलं कोण राहिलंय ते हे. खोलीचं तुमचं तुम्ही ठरवायचं, तुमच्या कष्टाची आहे. पण गावात बसून, फोनवर कुणाला शब्द देऊन ठरवू नका, एवढीच माझी विनंती. लोकल सर्वांसाठी सुरू होऊ देत, हा आजार ओसरू दे. मग या, आठ दिवस राहा, त्या फळीवर बसा, त्या मुलाशी बोला. त्यानंतर विकायची म्हणालात तर मी कागद घेऊन स्वतः येईन.

गणपतीला मी येत नाही, हे लिहिताना हात जड झालाय. एसटीच्या गाड्या कोकणात सुटायला लागल्यात, पण तिथे पोचल्यावर दहा दिवस विलगीकरण, आणि इथे अजून रोज हजारभर नवे रुग्ण निघतात. मी ते तुमच्या दारात आणलं तर स्वतःला कधीच क्षमा करू शकणार नाही. इथेही सगळं साधंच आहे. सार्वजनिक मूर्ती चार फुटांची, घरची दोन फुटांची, असा नियम आहे. लालबागच्या राजाच्या मंडळाने यंदा मूर्तीच बसवायची नाही असं ठरवलंय, त्याऐवजी रक्तदान आणि प्लाझ्मादान. केशवजी नाईक चाळीचा मात्र 1893 पासून लहानच असतो, त्यांना उंचीचा प्रश्नच नाही. बाबा हे ऐकून खूश होतील.

पार्सल उद्या पोस्टात टाकते. त्यात ब्लाउज, मास्क, कापसाची वस्त्रं, अष्टगंध आणि बाबांच्या गोळ्या दोन महिन्यांच्या. घड्याळ पोस्टाने पाठवायला काका नको म्हणतात, म्हणून ते माझ्याकडेच ठेवलंय आणि रोज सकाळी चावी देईन. त्याचा पट्टा पार कुजलाय. काका विचारत होते, काळा लावू की तपकिरी? रेंज आली की तेवढं कळवा.

तुमची,
चिमी