अळवावरचं पाणी आणि बॉनेटवरची धूळ

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत 'आता गाडी धुवायची गरजच नाही' अशा मथळ्याचा सेल्फ-क्लीनिंग, म्हणजे आपोआप स्वच्छ राहणाऱ्या कोटिंगवरचा लेख वाचला आणि राहवलं नाही म्हणून लिहितोय, कारण हाच खड्डा मी गेल्या वर्षी भरपूर पैसे मोजून बघून आलोय.

मागच्या मे महिन्यात काळ्या रंगाच्या गाडीवर सिरॅमिक कोटिंग (रंगावर लावायचा पातळ पारदर्शक थर) करून घेतलं, हायवेवरच्या एका दुकानात (नाव लिहित नाही, उगाच भांडण नको). नाईन-एच हार्डनेस, पाच वर्षांची वॉरंटी, धूळ चिकटणारच नाही, सगळं ऐकवलं. आणि खरं सांगतो, जून ते सप्टेंबर मी जाम खूश होतो. पाऊस पडला की थेंब मोत्यासारखे गोल होऊन पळायचे, चिखलसुद्धा पाण्याबरोबर निघून जायचा. त्या भरात मी ऑफिसातल्या तिघांना त्याच दुकानात पाठवलं, ते तिघं आता माझ्याशी नीट बोलत नाहीत.

दसरा झाला आणि मजा संपली. आमच्या नाशिकला थंडीत रात्री दव पडतं, दिवसा शेजारी रस्त्याचं खोदकाम. कोटिंगमुळे दव पसरत नाही, थेंब थेंब होऊन बसतं, त्यात धूळ जमते आणि ऊन आलं की प्रत्येक थेंबाचा गोल डाग उरतो. बाजूला पार्क केलेली काकांची बिनकोटिंगची गाडी एकसारखी मळकट, माझी मात्र देवी आल्यासारखी. वर सोसायटीत बोअरचं जड पाणी, त्यातलं कॅल्शियम डाग धरून बसतं ते वेगळंच.

मग थोडं वाचलं तेव्हा कळलं की सेल्फ-क्लीनिंग या शब्दातच खरी गंमत आहे. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ विल्हेल्म बार्थलॉट १९७० च्या दशकात इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली पानं बघत होते, त्यांच्या लक्षात आलं की गुळगुळीत पानं बघण्याआधी धुवावी लागतात आणि खडबडीत पानं मात्र आधीच स्वच्छ असतात. १९९७ साली त्यांनी आणि त्यांचे सहकारी नाइनहुइस यांनी कमळाच्या पानावरचा पेपर छापला, त्यालाच आता लोटस इफेक्ट म्हणतात. आपल्याला हे नवीन नाही म्हणा, अळवावरचं पाणी आपण रोजच्या बोलण्यात वापरतो. पानावर बारीक उंचवटे, त्यांच्यावर मेणाचे कण, मधे हवा, त्यामुळे थेंब फक्त टोकांवर टेकतो. धूळही टोकांवरच असते, ती सैल बसलेली, थेंब घरंगळताना तिला उचलून नेतो. पण उचलणार कोण, तर थेंब! पाणीच नसेल तर कमळाचं पानही धुळकटच राहणार. आणि आपल्याकडे वर्षातले आठ महिने आभाळ कोरडं.

दुसरी गोष्ट, दुकानात जे लावतात ते कमळाचं पान नव्हेच. अतिजलरोधक म्हणवून घ्यायला थेंबाचा कोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो, जितका मोठा तितका थेंब गोल) १५० अंशांच्या वर लागतो, सिरॅमिकचा शंभर-एकशेदहाच्या आसपास असतो. सपाट बॉनेटवर तो थेंब घरंगळत नाही, तिथेच बसून वाळतो. खरे उंचवटे करायचे तर प्रकाश विखुरतो, गाडीची चमक जाऊन पांढुरकी झाक येते आणि हात फिरवला की उंचवटे मोडतात. पान आपलं मेण पुन्हा बनवतं, बॉनेट कुठून बनवणार? निसानने २०१४ मध्ये युरोपात 'नोट' नावाच्या गाडीवर अल्ट्रा-एव्हर ड्राय नावाचं असलंच कोटिंग लावून बघितलं होतं, व्हिडिओत चिखल टिकतच नव्हता. पण कंपनीने तेव्हाच सांगितलं होतं की स्टँडर्ड म्हणून देणार नाही, फार तर नंतर बसवायचा पर्याय म्हणून विचार करू.

आणि ते नाईन-एच! मला वाटलं हिऱ्याच्या जवळपासचं काहीतरी असेल. ती पेन्सिलची टेस्ट निघाली, म्हणजे ९-एचच्या पेन्सिलने ओरखडा पडला नाही एवढंच. आपल्या धुळीत क्वार्ट्‌झचे कण असतात, ते पेन्सिलपेक्षा कितीतरी कडक. म्हणून आमचा गाडी पुसणारा मुलगा सकाळी कोरड्या फडक्याने बॉनेट घासतो तेव्हा कोटिंग असो वा नसो, ओरखडे येतातच. त्याला बिचाऱ्याला काय बोलणार, मीच सांगितलं होतं ना की आता पाणी लागत नाही, नुसतं पुसून घे.

कोटिंग अगदीच फालतू आहे असं माझं म्हणणं नाही. धुताना मळ लवकर सुटतो, पक्ष्याची घाण ताबडतोब काढली तर डाग कमी पडतो, चमक टिकते. पण जेमतेम एक-दोन मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) तो थर, त्याच्याखालचा क्लिअर कोटच, म्हणजे कंपनीने रंगावर दिलेला पारदर्शक थरच, साधारण ४०-५० मायक्रॉनचा असतो. एवढ्याशा थराकडून गाडी कधीच न धुण्याची अपेक्षा आपण ठेवतो कारण तसं आपल्याला विकलं जातं. वॉरंटीचा कागद मी डाग पडल्यावर वाचला (चूक माझीच), त्यात पाण्याचे डाग आणि पक्ष्यांची घाण वगळलेली आणि दर सहा महिन्यांनी त्यांच्याकडेच पैसे भरून मेंटेनन्स केला तरच वॉरंटी चालू.

तुमच्याकडे एकच मागणं आहे. त्या लेखाखाली दुकानाचा फोन नंबर होता, म्हणजे ती जाहिरात होती, मग वर बारीक का होईना 'जाहिरात' छापा. आणि पुढच्या वेळी असा लेख आला तर लिहिणाऱ्याला विचारा, हे कोटिंग केलेली गाडी फेब्रुवारीत, एक थेंबही पाणी न मारता, महिनाभर उभी करून बघितली का? बघितली असेल तर फोटो छापा, मी पहिला वाचक असेन.

आपला,
एक नियमित वाचक, नाशिक रोड