एक सही राहिली आहे

अटलांटा
रविवार, रात्री उशिरा

ती. आई आणि बाबांस,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगता आलं असतं, पण आई, तू फोन स्पीकरवर टाकतेस आणि नेमकी तेव्हाच कुकरची शिट्टी होते. शिवाय हे मुख्यतः बाबांना सांगायचं आहे. आमचं बोलणं "जेवलीस का" आणि "पैसे आहेत ना" याच्यापुढे गेल्याचं मला तरी आठवत नाही. म्हणून पत्र.

आधी आईचा प्रश्न. "मुलगी कॉम्प्युटरची डॉक्टर होतेय" असं तू सगळ्यांना सांगतेस आणि मी साताऱ्यात आले की शेजारी बिघडलेले प्रिंटर घेऊन येतात. माझं काम दुरुस्तीचं नाही गं. यंत्र बनवणाऱ्याच्या मनात एक असतं, वापरणारा त्याचं भलतंच काही करतो. त्या मधल्या जागेत काय घडतं ते मी बघते. त्यातही जी यंत्रं "तुमचं बरं व्हावं" म्हणून विकली जातात, झोप मोजणारी, पावलं मोजणारी, मन शांत करू म्हणणारी, ती माझ्या वाट्याला आली आहेत.

याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्याच घरातलं आहे. बाबा सायकल हाताने ढकलत मंडईत जाऊन येतात आणि घड्याळात जेमतेम पावलं पडतात. आईने गंमत म्हणून तेच घड्याळ घालून भाकऱ्या थापल्या, तर ती न हलता चारशे पावलं चालली! बाबा, तुम्ही म्हणालात, "हेही हिच्याच बाजूचं." मी हे इथे सेमिनारमध्ये सांगितलं (नाव न घेता), आणि लोक हसून हसून दमले. त्याचं कारण साधं आहे. घड्याळाला पाय दिसत नाहीत. मनगट किती झोकाने हलतं ते आतली एक बारीक चिप मोजते आणि हलण्याला ठरावीक लय सापडली की ते पाऊल धरते. हँडलवर हात स्थिर, म्हणून तुम्ही चाललाच नाहीत. भाकरीला मात्र पक्का ठेका असतो.

आणि ते दहा हजार पावलांचं वेड आता सोडा. रात्री दहाला हॉलमध्ये येरझाऱ्या घालून तुम्ही आकडा पुरा करता, हे आईने सांगितलंय. तो आकडा कुठल्या डॉक्टरने काढलेला नाही. टोकियोचं ऑलिंपिक १९६४ मध्ये झालं, त्यानंतरच्या वर्षी एका जपानी कंपनीने कमरेला लावायचं पावलं मोजणारं यंत्र काढलं आणि त्याचं नाव ठेवलं 'मानपो-केई', म्हणजे दहा हजार पावलांचा मापक. नाव बाजारात चाललं आणि पुढे तोच नियम होऊन बसला. २०१९ मध्ये संशोधक आय-मिन ली यांच्या गटाने सोळा हजारांहून जास्त वयस्क बायकांचा अभ्यास छापला. त्यांचं सरासरी वय ७२ होतं. रोज साडेचार हजारांच्या आसपास चालणाऱ्यांनाही फायदा दिसला आणि साडेसात हजारांच्या पुढे तो वाढेनासा झाला. अभ्यास बायकांचा आहे, तेव्हा आईला तो जास्त लागू. पण बाबा, टेकडीवरच्या 'चार भिंती' स्मारकापर्यंत चढून आलात की त्या दिवसाचं काम झालं असं धरायला माझी हरकत नाही.

आता खरं ते.

मागच्या दिवाळीत घड्याळ सुरू करून दिलं तेव्हा तुम्ही दूध आणायला गेला होतात. स्क्रीनवर एकामागून एक पानं आली, खाली 'मान्य आहे' असं बटण. ते मी दाबलं. प्रत्येक वेळी मीच. त्यातल्या एका पानावर असं होतं की तुमची पावलं, हृदयाचे ठोके आणि झोप माझ्या फोनवर दिसेल. मी तुम्हाला "पावलं दिसतील" एवढंच सांगितलं. झोपेचं सांगितलं नाही, कारण सांगितलं तर तुम्ही नको म्हणाल असं वाटलं.

म्हणजे काय झालं बघा. तुमचे पहाटेचे तीन म्हणजे उन्हाळ्यात माझे संध्याकाळचे साडेपाच. मी लॅबमधून निघायच्या बेतात असते, फोन उघडते, आणि तुम्ही जागे असता. मार्चमध्ये सलग कितीतरी रात्री. मी रविवारी सहज विचारल्यासारखं विचारलं, "झोप कशी लागते?" तुम्ही म्हणालात, "झकास." मला राग आला की बाबा माझ्याशी खोटं बोलतात. तो राग दोन दिवस टिकला. तिसऱ्या दिवशी मी माझ्या अभ्यासासाठी संमतीपत्राचा मसुदा लिहायला बसले, आणि पहिल्याच ओळीला हात थांबला.

इथे कोणालाही एक प्रश्न विचारायचा तरी आधी विद्यापीठाच्या समितीची परवानगी लागते. काय विचारणार, उत्तरं कोण बघणार, कुठे ठेवणार, माणूस मध्येच नको म्हणाला तर काय, सगळं साध्या भाषेत लिहून द्यायचं. मला आधी हा निव्वळ कागदी घोळ वाटायचा. मग टस्कीगीबद्दल वाचलं. इथून गाडीने दोनेक तासांवर, शेजारच्या अलाबामात. तिथे १९३२ पासून सरकारी आरोग्य खात्याने सुमारे सहाशे गरीब कृष्णवर्णीय माणसांवर अभ्यास केला. त्यातल्या ३९९ जणांना सिफिलिस होता. त्यांना "रक्त खराब आहे" एवढंच सांगितलं. पेनिसिलीन आल्यावरही ते दिलं नाही, रोग कसा वाढतो ते बघत राहिले. १९७२ मध्ये वर्तमानपत्रात आलं तेव्हा कुठे थांबलं. आजचे संमतीचे नियम बऱ्याच अंशी त्यातून आले. मी काही तसलं केलेलं नाही, एवढं मलाही कळतं. पण परक्या माणसाकडून पाच पानांवर सही घेणारी मी, स्वतःच्या बापाची न विचारता झोप बघत होते. आणि तुम्ही तर विम्याच्या एजंटला दोन तास बसवून सगळी बारीक अक्षरं वाचलेला माणूस.

माझ्याच विद्यापीठात, जॉर्जिया टेकमध्ये, एलिझाबेथ मायनॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये एक फोटोफ्रेम मांडली होती. मुलाच्या घरात लांब राहणाऱ्या आईचा फोटो, आणि चौकटीभोवती फुलपाखरं, एकेका दिवसाचं एकेक. त्या दिवशी ती घरात बऱ्यापैकी वावरली तर फुलपाखरू मोठं, नाही तर लहान. बस्स. किती वाजता उठली, कुठल्या खोलीत होती, असलं काही चौकटीवर नाही. मला पूर्वी ते जरा बाळबोध वाटायचं. एवढी माहिती हाताशी, आणि दाखवायचं काय, तर फुलपाखरू! आता वाटतं, त्यांनी न दाखवण्यावर जास्त विचार केला होता.

तसं पाहिलं तर तुमचा सकाळचा गुलाबाचा फोटो हेच माझं फुलपाखरू. 'शुभ सकाळ'च्या चित्रांनी भारतातले फोन भरून बंद पडतात हे गूगलच्या लोकांच्या लक्षात आल्याची बातमी २०१८ मध्ये आली होती, तेव्हा मीही तुमची थट्टा केली होती. पण तो गुलाब तुम्ही स्वतः पाठवता. घड्याळ तुम्हाला विचारत नाही.

झोपेचं दिसणं मी काल बंद केलंय. तुम्ही पहाटे का जागता ते मी विचारणार नाही. सांगावंसं वाटलं तर सांगा, मी त्या वेळी जागीच असते. एक मात्र सांगते. आई म्हणाली की सकाळी उठल्या उठल्या तुम्ही घड्याळाने झोपेला दिलेले गुण बघता आणि मग ठरवता की झोप झाली की नाही. ते करू नका. मेंदूत काय चाललंय ते मनगटाला कळत नाही, तुम्ही गॅलरीत निश्चल बसलात तरी ते झोप समजू शकतं. उत्तम झोपेच्या आकड्यापायी झोप उडालेले लोक इतके दिसायला लागले की शिकागोच्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये त्याला नावच दिलं, ऑर्थोसोम्निया.

आता रीतसर. मला तुमची पावलं दिसतील, रोजची एक बेरीज. ती फक्त मी बघेन, दादालाही सांगणार नाही. कधीही, कारण न देता, बंद करता येईल, शेजारच्या ओंकारला सांगितलंत तर तो दोन मिनिटांत करून देईल. बदल्यात माझी झोप तुम्हाला दिसेल. ती बघून आई ओरडणार आहे, हे मान्य करूनच मी लिहितेय.

खाली जागा सोडली आहे. सही नाही केलीत तरी चालेल, घड्याळ नुसतं वेळ बघायला वापरा. केलीत तर आईने फोटो काढून पाठवावा, आणि आई, अंगठा मध्ये येऊ देऊ नकोस.

मेतकूट संपलंय.

तुमची
मनू

सही: ______________