गार्ड लाव, मग बोलू

चि. सोन्यास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर ग्राइंडरनं लाकूड कापू नकोस म्हटलं, तर "आई, तू आयुष्यात एक तरी मशीन चालवलंस का?" असं विचारलंस आणि फोन ठेवून दिलास. नाही चालवलं, खरं आहे. माझं सगळं सुतारकाम आप्पांची करवत, दोन पटाश्या आणि त्या एका रंध्यावर झालं. ड्रिल घरात आलं तेसुद्धा तू नोकरीला लागल्यावर. तेव्हा त्या ग्राइंडरबद्दल आता एक अक्षर बोलायचं नाही असं ठरवूनच लिहायला बसले आहे.

चिऊच्या दुमजली पलंगाचा फोटो मोठा करून करून पाहिला. चौकटीच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोरी ताणलेली दिसली. समोरासमोरच्या बाजू सारख्या असून दोन्ही कर्ण सारखे भरले म्हणजे चौकट काटकोनात, हे तुला कधी सांगितल्याचं मला आठवत नाही. तुझं तूच शोधलं असशील, नाहीतर माझ्याभोवती घुटमळताना पाहिलं असशील. बाबांना दाखवला तर चष्मा पुसून परत बघितला आणि म्हणाले, "हे आपल्या सोन्यानं केलंय?" त्यांच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं, तुला माहीत आहे. माझ्या पहिल्या फडताळाला त्यांनी काय नाव ठेवलं होतं ते तू अजून मावशीला सांगून हसवतोस.

पण त्याच फोटोत मागे जमिनीवर ग्राइंडर आहे, त्याला दात्यांचं पातं आहे आणि गार्ड, म्हणजे पात्यावरचं झाकण, काढलेलं आहे. बघ, ठरवून अर्धं पानही झालं नाही.

आता आलंच आहे तर नीट सांगते, मग विषय बंद. ते यंत्र लोखंड नि फरशी कापायला केलेलं. त्याची चकती घासून कापते, तिला दाते नसतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला साधारण ११,००० फेरे घेतो. मी कागदावर गुणाकार केला, पात्याची कड ताशी दोनशे किलोमीटरच्या आसपास पळते. लाकूड कापताना फट मिटली किंवा पातं गाठीवर आलं की दाते अडकतात, आणि मग पातं थांबत नाही, सगळं यंत्रच उसळून धरणाऱ्याच्या अंगावर येतं. लाकडासाठीच्या गोल करवतीला खाली स्प्रिंगचं झाकण असतं, काप संपला की पातं आपोआप झाकलं जातं. तुझ्या ग्राइंडरला जे काही होतं ते तू काढून ठेवलंस. आणि हातात मोजे! तुला वाटलं असेल, एवढी तरी काळजी घेतली. फिरत्या दात्यांपाशी मोज्याचा धागा अडकला की हात आत ओढला जातो. नुसती कातडी निदान फाटून सुटते.

भाऊकाकांचा डावा हात तुला आठवतो. लहानपणी तू विचारायचास तेव्हा आम्ही काहीतरी गोष्ट रचून सांगायचो. ते तर किती सावध होते.

झालं. चाळीशीला आलेल्या मुलाला आईनं हात कसे वापरायचे ते सांगू नये, हे मला कळतं. रागावू नकोस. पलंगाबद्दल बोलते, तो माझ्या अखत्यारीतला विषय आहे.

आडव्या पट्ट्या उभ्या पायांना नुसत्या स्क्रूने जोडल्या आहेस का? फोटोत कळत नाही. पट्टीच्या कापलेल्या टोकात, म्हणजे जिथे लाकडाच्या रेषा तुटून उघड्या पडतात तिथे, स्क्रू धड पकडत नाही. काही महिने पोरांनी हादरे दिले की भोक सैल होतं. गोंदही त्या तोंडाला कच्चाच, लाकूड तो पिऊन टाकतं. पायाला खाच पाडून पट्टीचं टोक तिच्यात बसव आणि आरपार बोल्ट घाल. वजन खाचेनं पेलावं, बोल्टानं फक्त धरून ठेवावं. बोल्ट वर्षातून एकदा आवळता येतात हा आणखी एक फायदा. लांब बाजूची फळी आडवी न ठेवता उभी ठेव. लाकूड तेवढंच लागतं, पण फळी कितीतरी ताठ होते; जाडी तीच ठेवून उंची दुप्पट केली तर आठपट. उलट लांबीचं गणित वाईट: पुस्तकांनी गच्च भरलेला कप्पा दुप्पट लांब केला तर तेवढ्याच जाडीची फळी मधे सोळापट वाकते. आपल्या बाहेरच्या खोलीतल्या कप्प्याला मधे तो ओबडधोबड खांब का आहे, ते आता कळलं असेल.

वरच्या कठड्याच्या फटी मोजल्यास का? साडेतीन इंचांहून मोठी फट नको. लहान मुलाचं अंग त्यातून निसटतं आणि डोकं अडकतं. गादी टाकल्यावरही कठडा पाच इंच तरी वर राहायला हवा, म्हणून गादीची जाडी आधी ठरव. आणि सहा वर्षांच्या आतलं मूल वर झोपवायचं नाही. चिऊ कितीही हट्ट करू दे. तू कसा होतास ते मला ठाऊक आहे, ती तुझ्यावरच गेली आहे.

तुझं अभ्यासाचं टेबल आठवतं? वरच्या फळ्या मी घट्ट न आवळता भोकं लांबट ठेवली होती, तर तू विचारलंस की आई, ही ढिली का. लाकूड लांबीत जवळजवळ हलत नाही, रुंदीत मात्र दमट हवेत फुगतं नि कोरड्या हवेत आकसतं. फूटभर रुंद फळी दोनेक मिलिमीटर सहज. जखडून ठेवली तर चिरते. तू गंभीर चेहऱ्यानं ऐकलंस आणि दुसऱ्या दिवशी पट्टीनं मोजायला बसलास. वहीत तारखा टाकून आकडे लिहिलेस. दहावीचा अभ्यास एवढ्या निष्ठेनं केला असतास तर... जाऊ दे. त्या टेबलाखाली तू पटाशीनं कोरलेलं अक्षर बाबांना अजून माहीत नाही. पटाशी चालवताना तुझा दुसरा हात नेहमी पात्याच्या मागे असायचा, पुढे कधीच नाही. मी एकदाच सांगितलं होतं. म्हणून तर त्या फोटोतल्या ग्राइंडरचं जास्त लागलं मला.

एक मात्र प्रामाणिकपणे विचारते. पलंगाला किती काप लागतात? तीस? चाळीस? चांगल्या दात्यांच्या हातकरवतीनं ते दोन सुट्ट्यांत होतील. हात दुखतील, एवढंच. वळणदार कापायचं असेल तर जिगसॉ, म्हणजे अरुंद पातं वर-खाली करत कापणारी यंत्राची करवत, घे, तिलाही जपावंच लागतं, पण ती ग्राइंडरसारखी अंगावर उसळत नाही. पैसे मी देते. नको म्हणू नकोस, चिऊच्या पलंगाला आजीचं काहीतरी लागायला हवं.

भुशाचंही सांगायचं होतं. लाकडाची बारीक धूळ कर्करोगकारक म्हणून १९९५ सालापासून नोंदलेली आहे, नाकातल्या कर्करोगाशी तिचा संबंध पक्का आहे. रंध्यानं सालपटं निघतात, ती जमिनीवर पडतात. ग्राइंडर आणि घासायच्या मशीनची धूळ मात्र हवेत तरंगत राहते आणि चिऊ त्याच खोलीत खेळते. मास्क तू लावशील, तिचं काय? घासायचं काम बाहेर कर. आता सूनबाई म्हणेल, सासूबाईंनी पत्र नाही, नियमावली पाठवली. तिला सांग, तिचं बरोबर आहे.

आप्पांचा रंधा तुला पाठवायचा म्हणते आहे. पातं मी धार लावून ठेवलं आहे, मनगटावरचा केस कापतं. आधी एखाद्या टाकाऊ तुकड्यावर चालव आणि रेषांची चाल बघून घे. उलट्या बाजूनं मारलास तर लाकूड उपटून निघेल. बाबा म्हणतात, तो रंधा सोन्याकडे गेला तर तू स्वतः काय वापरणार? मी म्हटलं, माझा खांदा आता तसाही साथ देत नाही. त्यावर ते काही बोलले नाहीत. खांद्याचं विशेष काही नाही, डॉक्टरांना दाखवलं आहे, तू त्यावरून फोन करू नकोस.

फोन पलंगासाठी कर. आणि गार्ड लावलेला फोटो पाठव. आधी तो, मग बोलू.

तुझी,
आई

ता. क. पलंगाला जवसाचं तेल लावणार असशील तर तेलाची फडकी गोळा करून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नकोस. ते तेल वाळताना तापतं आणि चुरगळलेली फडकी आपोआप पेट घेतात. बाहेर एकेक पसरून वाळव, नाहीतर पाण्यात बुडवून ठेव. हे मी तुला आधी सांगितलं असेल. परत सांगितलं.