सूचना : पदवी आणि पदव्युत्तर एकत्र करणाऱ्यांसाठी

सभासदहो, एकत्रित अभ्यासक्रमाला प्रवेश घेताना हिशोब बहुधा पहिल्या वर्षाच्या फीचाच होतो. खरी ओढाताण होते ती पदवीकडून पदव्युत्तरकडे सरकताना. पदवीची शिष्यवृत्ती बऱ्याचदा तिथेच थांबते, फी मात्र वाढू शकते. म्हणून आधीच लेखी विचारून घ्या: कोणत्या सत्रापासून विद्यार्थी पदव्युत्तर धरला जातो? दोन्हीकडे मोजले जाणारे क्रेडिट (विषय पूर्ण केल्यावर खात्यात जमा होणारे अभ्यासाचे एकक) किती? मध्येच थांबावं लागलं तर निदान पदवी तरी हातात पडते का? तोंडी उत्तरावर कृपया विसंबू नका.

कर्ज काढणार असाल तर मंजुरी पूर्ण कालावधीची मागा. नाहीतर प्रबंधाच्या ऐन धावपळीत पुन्हा कागद गोळा करत बसावं लागतं. एका वहीत सत्रवार फी आणि शिष्यवृत्तीच्या नूतनीकरणाची तारीख लिहा. तिसऱ्या वर्षात असलेल्यांनी हे याच आठवड्यात करावं.