शेपटीखालीही बघा

महोदय,

सारंगखेड्याची यात्रा जवळ आली की घोड्यांच्या किमतींच्या बातम्या सुरू होतात. उंची, चाल, रंग, देवमण (गळ्यावरचा शुभ मानला जाणारा भोवरा), सगळं छापून येतं. कातडीवरच्या गाठींबद्दल मात्र अवाक्षर नसतं. पशुवैद्यक म्हणून नोकरी याच भागात झाली, म्हणून लिहितो.

पापणीवर, कानाशी, मांडीच्या आत गाठ आली की आपल्याकडे तिला चामखीळ ठरवून मोकळे होतात. मग डाग देतात, चुना लावतात, नाहीतर त्याच घोड्याच्या शेपटीचा केस आवळून बांधतात. पुष्कळदा ती सारकॉइड असते. घोड्यांच्या कातडीत सर्वांत जास्त आढळणारी गाठ हीच, आणि तिच्यामागे गाईगुरांच्या चामखिळीचा विषाणू असतो. ती आतल्या अवयवांत पसरत नाही. पण अर्धवट कापली वा डागली की दुप्पट जोराने उलटते.

पापणीवर चाकू चालवणं अवघड. तिथे गाठीतच बीसीजी टोचतात. हो, तान्ह्या बाळाच्या दंडावर देतात तीच लस. माणसांच्या मूत्राशयाच्या कर्करोगातही ती वापरतात. ती त्या जागी शरीराच्या प्रतिकारशक्तीला डिवचते. गाठ आधी सुजते, पिकते, मालक घाबरतो, आणि मग काही आठवड्यांत ती ओसरू लागते. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा टोचावी लागते. त्या वेळी तीव्र ॲलर्जीने घोडा दगावूही शकतो, म्हणून आधी सूज आणि ॲलर्जी रोखणारी औषधं द्यायची. हे कंपाउंडरचं काम नव्हे. पायावरच्या गाठींना हिचा फारसा गुणही येत नाही.

सबजा घोड्याची गोष्ट वेगळी. जन्मतः गडद आणि वयाबरोबर पांढरा होणाऱ्या या घोड्याला उतारवयात शेपटीखाली काळ्या गाठी येतात, तो मेलॅनोमा, म्हणजे कातडीला रंग देणाऱ्या पेशींची गाठ. अमेरिकेत कुत्र्यांच्या मेलॅनोमासाठी २०१० मध्ये पूर्ण परवाना मिळालेली डीएनए लस (शरीराच्या प्रतिकारशक्तीला गाठीवर चालून जायला शिकवणारी) काही पशुवैद्य अशा घोड्यांनाही देतात. काहींच्या गाठी लहान होतात. मोठ्या गाठींवर माझा तरी तिच्यावर भरवसा नाही.

पशुसंवर्धन खात्याने यात्रेत एक तंबू केवळ गाठींच्या तपासणीसाठी राखावा. नागपूरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाने आपल्या कोणत्या महाविद्यालयात बीसीजीचे उपचार मिळतील ते मराठीत जाहीर करावं. आणि घेणाऱ्याने पैसे मोजण्याआधी शेपूट उचलून बघावी, विकणारा कितीही रागावला तरी.

— एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी, शहादा (जि. नंदुरबार)